महिमा आणि अणिमा : मारुतिरायाच्या थोरवीचे शब्द

चैत्री पौर्णिमेची पहाट उजाडू लागली की कृष्णा-कोयनेच्या काठच्या गावोगावी मारुतीच्या देवळातून घंटेचा नाद ऐकू येऊ लागतो. रात्रभर जागलेले कीर्तन सूर्यबिंब वर येता येता जन्माच्या आख्यानाशी पोचते, पाळण्याची दोरी हलते, गुलाल-फुले उधळली जातात आणि सुंठवड्याची पुडी हाती घेऊन लहानथोर घरी परततात. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तर या दिवसाला विशेष शोभा असते. श्रीसमर्थ रामदासस्वामींनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी नऊ याच दोन जिल्ह्यांच्या भूमीत उभे आहेत. चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, मसूर आणि शहापूर असे सात सातारा जिल्ह्यात. बहे आणि बत्तीस शिराळा असे दोन सांगली जिल्ह्यात. उरलेले दोन, पारगाव आणि मनपाडळे, शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात.

अशा या मंगल दिवशी आम्ही वाचकांपुढे मारुतिरायाच्या पराक्रमाची कथा मांडणार नाही; ती घरोघरी ठाऊक आहे. आम्ही आज त्या पराक्रमाचे वर्णन ज्या शब्दांनी केले जाते त्या शब्दांकडे वळणार आहोत. भीम, प्रचंड, विशाल, विराट, भव्य, अफाट, अजस्र, अवाढव्य असे कितीतरी शब्द मोठेपणा सांगण्यासाठी आपल्या भाषेने जवळ बाळगले आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांना त्यांचे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द लिहावयास सांगतात. मूल एका ओळीत पाच-सहा शब्द लिहिते, समोर ‘लहान’ एवढाच उलट शब्द लिहिते आणि गुण मिळवून मोकळे होते. पण हे सारे शब्द खरोखर एकच गोष्ट सांगतात काय? आणि या सर्वांची उलट बाजू ‘लहान’ या एका शब्दाने भागते काय? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. देवाचे मोठेपण आपण कोणत्या शब्दांनी उच्चारतो यावर त्या मोठेपणाची आपली समज अवलंबून असते.

चाफळची दोन रूपे

प्रथम चाफळास जाऊ. तेथील श्रीराममंदिरासमोर जो मारुती आहे त्यास दासमारुती म्हणतात. हात जोडून, दृष्टी रामरायाच्या चरणांकडे लावून तो उभा आहे. त्याच मंदिराच्या मागे दुसरा मारुती आहे. त्यास कोणी वीरमारुती म्हणतात, कोणी प्रतापमारुती, कोणी भीममारुती. पुच्छ मस्तकावर उगारलेले, पायाखाली राक्षस चेपलेला, असे ते रूप आहे. एकाच देवाची, एकाच गावातील, एकाच सत्पुरुषाने स्थापिलेली ही दोन रूपे. राम समोर आहे तेथे तो दास. शत्रू समोर आहे तेथे तो भीम. मोठेपण आणि लहानपण ही येथे दोन वेगळ्या व्यक्तींची लक्षणे नाहीत. ती एकाच भक्ताच्या अंगी प्रसंगानुसार प्रकट होतात.

या अकरा मूर्तींच्या आकारांतही हाच धडा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यास, सुमारे १६४५ ते १६५५ या काळात त्यांची स्थापना झाली असे परंपरा सांगते. त्यांतील काही मूर्ती पुरुषभर उंचीच्या, काही त्याहून थोर, तर पारगावची मूर्ती सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटाची. पण अकरा मारुतींची यात्रा करणारा भाविक पारगाव गाळून पुढे जात नाही. दहा थोरांच्या दर्शनाने अकराव्या लहानग्याची उणीव भरून निघते असे कोणी मानीत नाही. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. तिचा अर्थ पहावयाचा असेल तर पारगावी जावे.

एका ओळीतले शब्द, पण एका अर्थाचे नव्हेत

आता शब्दांकडे येऊ. समर्थांच्या भीमरूपी स्तोत्रामुळे ‘भीम’ हा शब्द मराठी घराघरांत दिवेलागणीला उच्चारला जातो. त्याचा मूळ अर्थ ‘मोठा’ असा नाहीच. ‘भी’ म्हणजे भिणे. ज्याचे भय वाटावे तो भीम. पांडवांतील भीमसेन देहाने मोठा होता, म्हणून पुढे त्याच्या नावाला मोठेपणाचा अर्थ चिकटला आणि आपण ‘भीमकाय’ असे म्हणू लागलो. ‘प्रचंड’ या शब्दाचीही कथा तशीच. ‘चंड’ म्हणजे उग्र. प्रचंड म्हणजे अतिशय उग्र. प्रचंड वारा, प्रचंड संताप हे प्रयोग त्याच्या मूळ स्वभावाला धरून आहेत. म्हणून या दोहोंचा खरा विरुद्धार्थी शब्द ‘लहान’ नव्हे, तर ‘सौम्य’ होय.

‘विशाल’ म्हणजे रुंद, पसरलेले. विशाल मैदान, विशाल अंतःकरण. त्याची उलट बाजू संकुचित अथवा अरुंद. ‘उत्तुंग’ म्हणजे उंच. त्याच्या उलट ठेंगणे. ‘विराट’ हा शब्द वेदातून आलेला आहे. पुरुषसूक्तात सृष्टीच्या उत्पत्तीच्या वर्णनात विराजाचा उल्लेख येतो आणि पुढे सारे विश्व हाच ज्याचा देह तो विराट पुरुष, असा अर्थ रूढ झाला. ज्याच्या बाहेर काही उरत नाही त्याला विराट म्हणावयाचे, इतका हा शब्द भारदस्त आहे. ‘भव्य’ या संस्कृत शब्दात शुभ, योग्य, सुंदर असे अर्थ आहेत. मराठीत तो मोठ्या वस्तूला लावतात खरा, परंतु पाहणाऱ्याचे मन प्रसन्न करील अशाच मोठ्या वस्तूला. उकिरडा कितीही वाढला तरी त्यास कोणी भव्य म्हणत नाही. तेथे ‘अवाढव्य’ हा शब्द शोभतो, कारण त्यात प्रमाण सुटल्याची नापसंती आहे, आणि त्याच्या उलट शब्द ‘आटोपशीर’ असा येईल.

‘अजस्र’ या शब्दाची तर आपण फारच आबाळ केली आहे. त्याचा मूळ अर्थ ‘अखंड, न थांबणारे’ असा. कृष्णामाईची धार अजस्र, नंदादीपाची ज्योत अजस्र. आज मात्र एखादे मोठे यंत्र अथवा मोठी इमारत पाहिली की तिला आपण अजस्र म्हणतो, आणि पुष्कळदा ‘अजस्त्र’ असे चुकीचे लिहितो. भाषेत अर्थ सरकत असतात, हे आम्हांस मान्य आहे. पण मूळ अर्थ ठाऊक असलेला मनुष्य शब्द जपून वापरतो.

शब्दांचा आणखी एक कुळसमूह आहे. अपार, असीम, अथांग, अमाप, अनंत. हे शब्द ‘मोठे आहे’ असे म्हणतच नाहीत. ते केवळ एकेक माप नाकारतात. पार म्हणजे पलीकडचा तीर. तो दिसत नाही ते अपार. सीमा नाही ते असीम. तळाचा थांग लागत नाही ते अथांग. मापात बसत नाही ते अमाप, आणि ज्याचा शेवट नाही ते अनंत. नदीकाठच्या माणसाला हा भेद शिकवावा लागत नाही. ऐन पावसाळ्यात सांगलीच्या घाटावर उभे राहिले की पाणी अपार वाटते. डोहाशी उभे राहिले की अथांग वाटते. अथांगाच्या उलट उथळ, असीमाच्या उलट मर्यादित. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण शब्दांनाही लागू पडते, हे पुढे दिसेलच.

शब्दाचा अर्थ जसा वेगळा, तसा त्याचा जिव्हाळाही वेगळा. वाईच्या कृष्णाकाठी गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलेले गणपतीचे देऊळ आहे. एका दगडातून घडविलेली ती मूर्ती सुमारे दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद आहे. शास्त्राच्या भाषेत तो महागणपती. पण पंचक्रोशीतील माणसे त्यास ढोल्या गणपती म्हणतात. दोन्ही शब्द त्याच आकाराविषयी बोलतात. ‘महा’ म्हणताना हात जोडले जातात, ‘ढोल्या’ म्हणताना ओठांवर हसू येते. शब्दसूचीत हे दोन्ही शब्द शेजारी लिहिता येतील. पण एकाच्या जागी दुसरा घालता येणार नाही.

जोड्यांनी येणारे शब्द

आपल्या धर्मग्रंथांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानी येते. तेथे मोठेपणाचा शब्द सहसा एकटा येत नाही. विष्णुसहस्रनाम नित्य म्हणणाऱ्यांच्या ओठांवर अणू आणि बृहत्, कृश आणि स्थूल ही नावे लागोपाठ येतात. एकाच देवाला अणू म्हणावयाचे आणि लगेच बृहत् म्हणावयाचे, यात त्या ऋषींना काही विसंगती वाटली नाही. कठोपनिषदाने आत्म्याचे वर्णन करताना तो सर्वांत लहानाहूनही लहान आणि सर्वांत थोराहूनही थोर असल्याचे सांगितले. तोच अनुभव तुकोबांनी मराठीत आणला तेव्हा लहानपणासाठी त्यांनी ‘थोकडा’ हा ठसकेदार शब्द योजिला. हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे, याची हळहळ वाटते.

अष्टसिद्धींची नावे तर या विषयाचे जणू सूत्रच आहेत. अणिमा म्हणजे अणूएवढे होणे, महिमा म्हणजे मोठे होणे, लघिमा म्हणजे हलके होणे, गरिमा म्हणजे जड होणे. येथे दोन स्वतंत्र जोड्या आहेत. अणिमा-महिमा ही आकाराची जोडी, लघिमा-गरिमा ही वजनाची जोडी. आकाराने मोठी वस्तू वजनाने हलकी असू शकते आणि लहान वस्तू जड असू शकते, हा विवेक या चार नावांत आहे. म्हणूनच ‘लघु’ या शब्दाला जागेनुसार वेगवेगळे विरुद्धार्थी शब्द लाभतात. छंदशास्त्रात लघूच्या उलट गुरू, कथेच्या प्रांतात लघुकथेच्या उलट दीर्घकथा, आणि शिवपूजेत लघुरुद्राच्या पुढे महारुद्र.

मौज अशी की, ‘महिमा’ आणि ‘गरिमा’ हे शब्द मराठीत आले ते आपला आकार आणि आपले वजन मागे ठेवून. आज महिमा म्हणजे माहात्म्य, आणि गरिमा म्हणजे प्रतिष्ठा. नामाचा महिमा आपण गातो तेव्हा कोणाच्याही मनात लांबी-रुंदी येत नाही. शरीराचे मोठेपण भाषेने हळूहळू गुणाच्या मोठेपणात रूपांतरित केले. ‘थोर’ या आपल्या शब्दाचेही तसेच. साताऱ्याच्या गादीवरील थोरले शाहू महाराज असे आपण म्हणतो तेव्हा वडीलपण सांगतो. थोर पुरुष म्हणतो तेव्हा गुण सांगतो. आणि सानथोर म्हणतो तेव्हा त्यात सारा गाव येतो.

बोलीची श्रीमंती

ही जोडी केवळ पंडितांच्या भाषेत आहे असे मात्र कोणी समजू नये. सातारा-सांगलीच्या शिवारात मोठेपणाचे शब्द बक्कळ आहेत. लई, मायंदाळ, रग्गड, मोप, चिक्कार, उदंड. पीक चांगले आले की ‘मायंदाळ झालं’ म्हणतात. त्या एका शब्दात कणसांनी भरलेले खळे दिसते. आणि लहानपणासाठी शब्द आहे ‘वाईच’. ‘वाईच बसा’, ‘वाईच दम धरा’, ‘वाईच च्या घ्या’. या ‘वाईच’मध्ये केवळ अल्पपणा नाही, आर्जव आहे. पाहुण्याने तासभर बसावे अशी इच्छा असते, पण त्याला ओझे वाटू नये म्हणून यजमान ‘वाईच’ म्हणतो. दुसऱ्याचा संकोच दूर व्हावा म्हणून आपली मागणी लहान करणे, हे या एका शब्दाला कळते.

शिवाय बोलीने लहानपण मापून ठेवले आहे. तिळभर, कणभर, चिमूटभर, मूठभर, ओंजळभर, पसाभर, सूपभर. हळद चिमूटभर, भिक्षा मूठभर, देवाला फुले ओंजळभर, दाराशी आलेल्यास धान्य पसाभर अथवा सूपभर. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया या शब्दांत कधी गल्लत करीत नाहीत. स्वयंपाकघरातील ही मापे म्हणजे भाषेची शिस्तच होय.

‘महा’ आणि ‘अति’ यांचेही गणित

धर्मविधीतही मोठेपणाचे शब्द मनास येईल तसे वापरलेले नाहीत. रुद्राची अकरा आवर्तने म्हणजे एकादशनी. अशा अकरा एकादशनी, म्हणजे १२१ आवर्तने झाली की लघुरुद्र. अकरा लघुरुद्र, म्हणजे १,३३१ आवर्तने झाली की महारुद्र. आणि अकरा महारुद्र, म्हणजे १४,६४१ आवर्तने झाली की अतिरुद्र. या पायऱ्यांत ज्याला आपण लघू म्हणतो त्यासाठीही अकरा ब्राह्मण बसवावे लागतात अथवा एकट्याला १२१ वेळा पाठ करावा लागतो. म्हणजे येथे लघुदेखील क्षुद्र नाही, आणि ‘महा’ हा शब्द तर घाम गाळल्यावाचून मिळत नाही. मारुतिराय हा अकरावा रुद्र मानला जातो, आणि समर्थांनी स्थापिलेले मारुतीही अकराच. त्या देवाला महारुद्र म्हणताना या शब्दामागील हिशेब आपण ध्यानी ठेवावा.

असाच हिशेब आजच्या व्यवहारातही आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला म्हणजे सरकारदरबारी ‘अतिवृष्टी’ची नोंद होते. शेतकऱ्याला मिळणारी मदत या ‘अति’ शब्दाच्या मापावर ठरते. शब्दाचे माप ढळले तर नुकसान खरे होते.

सुरसेचे मुख

आता सुंदरकांडाकडे येऊ. मारुती समुद्रावरून झेप घेत असता वाटेत सुरसा नावाची नागमाता राक्षसीचे रूप घेऊन त्याला अडविते. माझ्या मुखात शिरल्यावाचून तुला पुढे जाता येणार नाही, असे ती म्हणते. तिने मुख पसरावे, मारुतीने त्याहून मोठे व्हावे. तिने आणखी पसरावे, त्याने आणखी वाढावे. दहा योजने, वीस योजने असे होता होता तिचे मुख शंभर योजनांचे झाले. शंभर योजने म्हणजे ज्या समुद्राचे उल्लंघन करावयाचे तेवढेच. वाढण्याच्या या चढाओढीत समुद्र जेथल्या तेथे राहिला असता आणि सीतामाईचा शोध खोळंबला असता. मग मारुतीने काय केले? तो एकाएकी अंगठ्याएवढा झाला, तिच्या मुखात शिरला आणि ते मिटण्याच्या आत बाहेर पडून नमस्कार करून उभा राहिला. सुरसा प्रसन्न झाली. महिमा जेथे थकला तेथे अणिमा कामी आली.

पुढे लंकेत तो मांजराएवढ्या देहाने शिरला. अशोकवनात सीतामाईला पाहिल्यावर, आपल्याला पाहून ती माउली घाबरू नये म्हणून तो वृक्षाच्या पानांआड लहान होऊन बसला आणि हळू, गोड स्वरात रामकथा सांगू लागला. एवढासा वानर आपल्याला समुद्रापार कसा नेणार, असा तिला संशय आला तेव्हाच त्याने आपले मेरुपर्वतासारखे रूप दाखविले. काम झाले की पुन्हा पूर्ववत झाला. वनपर्वात भीमसेन गंधमादनावर त्याला भेटला, तेव्हा भीमाच्या आग्रहास्तव त्याने समुद्र लंघतानाचे ते रूप प्रकट केले. पण भीमासारख्या बलाढ्यालाही ते पाहवेना आणि त्याने ते आवरण्याची विनंती केली. कुरुक्षेत्रावर विश्वरूप पाहून अर्जुनाचेही तसेच झाले. त्याने पुन्हा सौम्य रूपाची याचना केली. प्रचंड आणि भीम यांचा विरुद्धार्थी शब्द ‘सौम्य’ असे आम्ही वर म्हटले, त्याला गीतेतील या याचनेचा आधार आहे.

या चारही प्रसंगांत एक समान सूत्र आहे. देवाने अथवा भक्तश्रेष्ठाने मोठे रूप घेतले ते दुसऱ्याच्या गरजेपुरते, आणि ते मागे घेतले तेही दुसऱ्याच्या गरजेस्तव. स्वतःच्या दिमाखासाठी मोठे रूप धारण करून बसलेला मारुती कोठल्याही कथेत नाही.

शब्दांची चढाओढ

आणि आपण काय करतो? उत्सवाचे दिवस आले की रस्त्यारस्त्यांवर फलक झळकतात. एका मंडळाचा उत्सव ‘भव्य’ असतो. शेजारच्या मंडळाला मग ‘भव्य-दिव्य’ लिहावे लागते. तिसरे ‘विराट’ लिहिते, चौथे ‘महाविराट’. पन्नास माणसांची सभा विराट होते, चार कोपऱ्यांचा मांडव भव्य होतो, साधी आरती महाआरती होते. ही सुरसेच्या मुखाची चढाओढ आहे. एकाने दहा योजने पसरावे, दुसऱ्याने वीस, आणि उत्सवाचे मूळ काम, म्हणजे भक्ती, समुद्राच्या अलीकडेच राहावी. घरातही तीच तऱ्हा. भाजी भयंकर चांगली होते, गाणे भयानक आवडते. ज्या शब्दांनी भय सांगावयाचे ते कौतुकाला लावल्यावर खरे भय आले असता कोणता शब्द उरेल?

तसा प्रसंग या भूमीवर येऊन गेला आहे. महाबळेश्वरच्या क्षेत्री गोमुखातून पडणारी कृष्णेची धार ओंजळीत मावते. तीच कृष्णा वाई, कऱ्हाड, बहे करीत सांगलीस येते आणि उगमापासून एकूण सुमारे १,४०० किलोमीटर वाहून सागरास मिळते. बहे येथे तर अशी आख्यायिका आहे की, रामराय संध्या करीत असता पूर आला आणि मारुतीने आपले दोन्ही बाहू पसरून प्रवाह थोपविला. त्या बाहूंवरूनच गावाचे नाव पडले. पण ऑगस्ट २०१९ मध्ये तिला थोपविणारे कोणी नव्हते. सांगलीच्या आयर्विन पुलाशी धोक्याची खूण ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा पूर पाहिलेल्या जुन्या माणसांनाही हे पाणी नवे होते. त्या दिवसांत ‘महापूर’ हा शब्द कोणी शोभेसाठी उच्चारला नाही. ‘पूर’ एवढा शब्द अपुरा पडला म्हणून ‘महा’ जोडावा लागला. भव्य, विराट असले शब्द त्या वेळी कोणाच्या ओठी आले नाहीत. कानांवर आले ते लहान शब्द. घोटभर पाणी, चतकोर भाकरी, हातभर कोरडी जागा, वाईच आधार. गावोगावच्या माउल्यांनी भाकऱ्या थापून गाठोडी पाठविली. संकट महा होते, आणि त्याला उतारा असंख्य लहानांचा होता.

घरच्या वडीलधाऱ्यांस विनंती

म्हणून आमची भाविक कुटुंबांस एक विनंती आहे. मुलांना शब्द शिकविताना ते जोडीने आणि मापाने शिकवावेत. ‘प्रचंड’ म्हणजे काय असे मुलाने विचारले तर ‘मोठा’ एवढे सांगून थांबू नये, ‘उग्र आणि मोठा, जसा वादळी वारा, त्याच्या उलट सौम्य’ असे सांगावे. विशाल सांगताना अरुंद सांगावे, अथांग सांगताना उथळ सांगावे, भव्य सांगताना क्षुद्र सांगावे. ज्याला उलट शब्द नीट ठाऊक आहे तो मूळ शब्द वाया घालवीत नाही. संध्याकाळी भीमरूपी म्हणून झाल्यावर एकेका शब्दाचा अर्थ विचारण्याची प्रथा घरात ठेविली तर स्तोत्र पाठही होईल आणि कळेलही.

उत्सव करणाऱ्या तरुणांनाही हेच सांगणे आहे. ‘महा’ हा शब्द टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. तो जेथे खरा आहे तेथे तो अवश्य असावा. हनुमानजयंतीच्या दिवशी गावात जो महाप्रसाद होतो त्यातील ‘महा’ खरा आहे. कढई मोठी म्हणून तो महाप्रसाद होत नाही. घराघरांतून कोणी पसाभर गहू, कोणी सूपभर तांदूळ, कोणी गुळाचा खडा, कोणी केवळ चार लाकडे देतो. आणि पंगतीला बसताना घर, जात, मोठेपण विचारले जात नाही, म्हणून तो महाप्रसाद. लहान माप जेथे मोजून, मनापासून दिले जाते तेथेच मोठा शब्द शोभतो.

सेतू बांधताना वानरवीरांनी पर्वत उचलून आणले, आणि लोककथा सांगते की, एका खारीने अंगाला लागलेली वाळू आणून झटकली. भाषेने दोघांचीही नोंद ठेविली. पर्वत उचलणाऱ्या हातांना तिने भीमपराक्रमी म्हटले आणि खारीच्या वाळूवरून ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग केला. आजही एखादा सज्जन भरघोस साहाय्य करूनही ‘माझा आपला खारीचा वाटा’ असे म्हणतो, तेव्हा तो चाफळच्या दासमारुतीच्या ओळीत हात जोडून उभा असतो. महारुद्राचे बळ आणि खारीची नम्रता या दोन्ही गोष्टी मारुतिराय आपणां सर्वांस देवो, आणि दोहोंसाठी नेमका शब्द आपल्या मुखी ठेवो, हीच आजच्या शुभदिनी प्रार्थना.